थायलंडचा रस्सा आणि जीवनकाकाच्या चपला

जीवनकाका बोलायला लागला की आधी त्याचा घसा बोलतो. "ख्खं" असा एक खाकरा, मग थोडं थांबणं, मग डावा हात कमरेवर आणि मग, "ऐक, तुले सांगतो." वांग्याचा भाव असो की कोणाच्या मयताची बातमी, सगळ्यांची सुरुवात हीच. मी आठवीत असल्यापासून त्याचा आवाज काढते. आमच्या घरात तर म्हणतात, खुद्द काकापेक्षा करिश्माचा काका जास्त काकासारखा वाटतो. पण हल्ली तो खाकरा आला की मला पुढचं ऐकवत नाही. हल्ली खाकऱ्यानंतर एकच गोष्ट येते, आणि ती सांगताना काका समोरच्याच्या तोंडाकडे बघत नाही. स्वतःच्या अनवाणी पायांकडे बघतो.

आमचं घर नांदगाव पेठेच्या अलीकडे, मळ्यात. अर्धं आमचं, अर्धं काकाचं. मधल्या भिंतीतून पलीकडची शिंकसुद्धा ऐकू येते, त्यामुळे मला बातम्या बघायची गरज पडत नाही. पालक, मेथी, वांगी, सांबार, म्हणजे पुणेवाले ज्याला कोथिंबीर म्हणतात ते, आणि न्हाणीच्या पाण्यावर आपोआप माजलेला गवती चहा. काका पिकवतो, रुख्मिणीकाकू अमरावतीच्या बाजारात बसून विकते. काकू कमी बोलते. पण तिचं "काय जी?" ऐकलं की काका हातातलं काम खाली ठेवतो.

काकाचं खरं नाव मात्र भाजीत नाही, बाहेरच्या चुलीवर आहे. आमच्याकडे मटण, मासे घरात शिजत नाहीत. मागे शेवग्याखाली तीन दगडांची चूल, पत्र्याखाली पालथी घातलेली बाहेरची भांडी, बाहेरचा पाटा-वरवंटा, आणि तिथे राज्य पुरुषांचं. काकूचा नियम एकच. बाहेरचं भांडं आत यायचं नाही, आतली वस्तू बाहेरच्या चुलीवर जायची नाही. पंचक्रोशीत कोणाकडे नवसाच्या मटणाची कंदुरी असो की नोकरी लागल्याची पार्टी, हंडीवर जीवनकाकाच लागतो. पळी हलवताना तो असा उभा राहतो, की वाटावं आता झेंडावंदन होणार आहे.

त्याची एकच मुलगी, आकांक्षाताई. तिला पोलीस व्हायचं होतं. पहाटे मैदानावर पळायची, दुपारी अभ्यास, संध्याकाळी पुन्हा मैदान. अकॅडमीच्या सरांनी एकदा सगळ्यांच्या आईबापांना बोलावलं. त्या सरांच्या गळ्यात शिट्टी असते आणि वाक्यातसुद्धा. "देखो! पोरगी पिठल्यावर पळत नाई! प्रोटीन! प्रोटीन खिलाओ! फुर्र!" घरी येताना काका मोटरसायकलवर सारखा तोच शब्द घोळवत होता. "प्रोटीन. प्रोटीन. म्हणजे काकडी नाई, बरं का."

काकूने आपल्या परीने वेगळीच तयारी केली होती. ताईनं भरतीचा अर्ज भरला त्याच आठवड्यात ती अंबादेवीला गेली, ओटी भरली आणि एक नारळ घेऊन आली. हळद-कुंकू लावून तो लाल फडक्यात बांधला आणि देवघराशेजारच्या खिळ्याला टांगला. "आकांक्षा पोलीस झाली की तिच्याच हातानं देवीपुढं फोडीन. तोवर पायात चप्पल घालणार नाई." आणि त्या दिवसापासून काकू अनवाणी. मळ्यात अनवाणी, ऑटोत अनवाणी, बाजारात भाजीच्या ढिगापुढे अनवाणी.

आता तो व्हिडिओ. तो मीच काकाला दाखवला, म्हणजे काकाने माझ्या हातातून मोबाइल घेतला आणि दोन बोटांनी ती बाई मोठी केली. पुण्याची बाई. शब्द कसे, इस्त्री केल्यासारखे. "नमस्कार मैत्रिणींनो! आज आपण बघणार आहोत अगदी झटपट होणारी, भरपूर प्रोटीन असलेली थाई स्टाईल सीफूड करी! तुमच्याकडे एखादी गोष्ट नसेल तर अजिबात काळजी करू नका हं."

"ही काळजी करू नका म्हणते," काका म्हणाला, "अन् सांगते ते सारं काळजीचंच."

पण मग बाईनं हिरव्या पातींची एक जुडी वर धरली, आणि काका पाटावरून उठलाच. "अवं, हा तं आपला न्हाणीपाशचा गवती चहा!" पुढे तिनं लिंबाच्या जातीच्या झाडाचा पाला चुरगळला. काकाने बांधावरच्या लिंबाकडे बोट केलं. मग तिनं कोथिंबीर मुळांसकट वाटणात टाकली तेव्हा तर काकाचा आवाज पार फुटला. "सांबाराच्या मुळ्या! आपण कापून फेकून राहिलो अन् थायलंडवाले वाटून खाऊन राहिले! ख्खं. ऐक, तुले सांगतो. थायलंड म्हणजे काई नाई. थायलंड म्हणजे आपला मळा, फक्त मासे जास्त."

रविवारी बेत ठरला. काकू बाजारात, ताई मैदानावर. काका धरणाकडच्या ओळखीच्या भोयाकडून झिंगे घेऊन आला, आणि मरळीचे मोठे तुकडे. मी म्हटलं, बाई तर समुद्रातले मासे म्हणत होती.

"समुद्र दूर हाय, धरण जवळ हाय. माशाले काय समजते पाणी कोणतं?"

भिजवलेल्या लाल मिरच्या, लसूण, अद्रक, गवती चहाचा खालचा पांढरा दांडा आणि सांबाराच्या धुतलेल्या मुळ्या त्याने बाहेरच्या पाट्यावर अशा बारीक वाटल्या की वरवंटा सरकताना आवाज यायचा थांबला. त्या बाईच्या बाटलीतल्या सॉसऐवजी मूठभर सुकट उकळून तिचं खारट पाणी गाळून ठेवलं. मी झिंग्यांच्या पाठीतला काळा दोरा काढत बसले होते. कढई तापली, वाटण पडलं आणि असा वास उठला की पलीकडच्या बांधावरून नितेशने हाक मारली, "जीवनभाऊ, काय जाळून राहिले जी?" नितेश आमचा शेजारी, एमआयडीसीतल्या कापडाच्या कारखान्यात जातो.

"जाळून नाई राहिलो, थायलंड करून राहिलो!"

आणि तेव्हाच मोबाइलमधली बाई म्हणाली, "आता यात घालूया छान घट्ट नारळाचं दूध."

काका थांबला.

हे सांगायला हवं. आमच्याकडे ओला नारळ ही खायची वस्तूच नाही. मसाल्यात पडतं ते सुकं खोबरं, ते वेगळं. ओला नारळ घरात आला तर तो देवाचा असतो, नाहीतर सत्काराचा. शालीसोबत येतो, चार दिवस कपाटावर बसतो आणि दुसऱ्याच्या सत्काराला निघून जातो. त्यामुळे बाजाराची यादी तोंडात घोळवताना काकाला झिंगे आठवले, सुकट आठवली, नारळ मात्र आठवलाच नाही. आणि वाटण तर लाल होऊन तेल सोडायला लागलं होतं.

"पाय बरं कढईकडे, लागू देऊ नको," असं मला म्हणून काका पाय धुऊन आत गेला. थोड्या वेळाने नळापाशी दगडावर नारळ फुटल्याचा आवाज आला. मी कढईकडे बघत होते. नारळ सापडला वाटतं, एवढंच माझ्या मनात आलं. तो कोणता नारळ होता हे आम्हाला कितीतरी महिन्यांनी कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगते. तुम्ही ओळखलंही असेल. तो खिळ्यावरचा होता.

काका नंतर म्हणाला, की हात लावण्याआधी त्याने नमस्कार केला होता. "म्हटलं, माय, पोरीसाठीच चाल्ला. उद्या दुसरा आणून टांगतो. नारळाले नारळ." म्हणजे चुकून घेतला असंही म्हणायला जागा नाही.

पाट्यावर खोबरं वाटून, कोमट पाणी घालून, गळ्यातल्या धुतलेल्या दुपट्ट्यातून त्याने दूध पिळलं. ते कढईत पडलं आणि लाल रंग एकदम लाजल्यासारखा गुलाबी झाला. मग मरळ, शेवटी झिंगे, ते आक्रसून गोल होईपर्यंतच. वरून लिंबाचा पाला चुरगळून. बाईची करी झटपट झाली होती. काकाच्या करीला अर्धी दुपार लागली, पण तो म्हणाला, "तिनं नारळ फोडला नाई, डबा फोडला. तिचं तिले लखलाभ."

ताई मैदानावरून आली, बूट काढता काढता विचारलं, "बाबा, कशाचा वास हाय हा?" आणि शेवग्याखालीच बसून भातासोबत दोन ताटं खाल्ली. "बाबा, भारी झालं हे. काय भारी झालं!" काकाची मान हंडीवर असते तशी ताठ झाली. मग काकू आली. पाय धुतले, टाचेतला काटा नखाने काढला आणि ताट घेऊन बसली. नवसात मासे सोडले नव्हते तिने, चपलाच सोडल्या होत्या. भाकरीचा तुकडा रश्श्यात बुडवून तोंडात टाकला. थांबली. पुन्हा एक घेतला.

"खोबरं गोड हाय. कोठून आणलं जी?"

"ख्खं," काका म्हणाला. हात कमरेवर गेला नाही. "मार्केटातून."

काकूने आणखी एक वाटी घेतली.

दुसऱ्या दिवशी काकाने तेच लाल फडकं, तशीच गाठ, तसंच कुंकू लावून नवा नारळ खिळ्याला टांगला. कोणाच्या काहीच लक्षात आलं नाही. लक्षात राहिला तो रस्सा. नितेशने चव घेतली होती, आणि नितेशला कळलं म्हणजे कारखान्याच्या सगळ्या पाळ्यांना कळलं. "जीवनभाऊ, ते बँकॉक बनवा ना एक डाव!" ज्या माणसाला हंडीवर उभं राहायला नुसती हाक पुरते, तो आता अंग चोरायला लागला. झिंगे चांगले मिळत नाहीत. कंबर दुखते. लिंबाला पाला नाही. पाला तर ढीगभर होता.

उन्हाळा चढला. डांबर मऊ झालं. काकूच्या टाचांना भेगा पडल्या. त्यात ती संध्याकाळी मेण आणि खोबरेल भरायची, आणि खोबरेलाची बाटली उघडली की काका तिथून उठून जायचा. मला वाटायचं वासामुळे. तो बाजारात तिच्या पायांखाली घालायला ओलं पोतं नेऊन द्यायला लागला. एकदा भिंतीपलीकडून ऐकलं.

"चप्पल घाल वं. देवीले डोळे हायेत, तिले समजते तुहं मन."

"डोळे हायेत म्हणूनच नाई घालत," काकू म्हणाली.

त्यावर काकाचा नुसता खाकरा ऐकू आला. मी भिंतीच्या अलीकडे त्याचा खाकरा हुबेहूब काढून दाखवला, तर आमच्याकडचे हसले. पलीकडून कोणी हसलं नाही.

मग यादी लागली. ताईने मोबाइलवर वरून खाली बघितलं, खालून वर बघितलं. नाव नव्हतं. एका गुणाने गेलं. गुणच बोलायचे तर गोळाफेकीत गेले होते, तिला ते मैदानावरच कळलं होतं. ती खाटेवर उशीत तोंड घालून पडली आणि आम्ही सगळे त्यांच्या ओसरीत जमलो. सगळे पंख्याकडे बघत होते.

काकू दारात बसली होती. हळूच म्हणाली, "माह्यानंच झालं हे."

"काय वं, काहीही?" माझी आई म्हणाली.

"नाई. म्या चप्पल घातली होती. मार्केटात संडासाकडे जाचं होतं, खाली घाण पाणी होतं, तं बाजूच्या जमुनाबाईची घातली. घडीभर. म्हटलं, देवी समजून घेईन." तिने दोन्ही हातांनी स्वतःच्या गालांवर मारून घेतलं, एकदा, दोनदा, जोरात. "चुकलं वं माय. पोरीचं नशीब म्या चपलेखाली घातलं."

काका मागच्या दारात उभा होता. तो वळला आणि शेवग्याकडे गेला. आम्हाला त्याचा खाकरा ऐकू आला. एक. मग पुन्हा एक. मग कितीतरी. आत काकू अजून गालावर हात ठेवून बसली होती.

तो परत आला. उंबऱ्याच्या आत आला नाही.

"आकांक्षाची माय. थांब. चप्पल नाई."

"काय जी?"

"नारळ."

काकूने खिळ्याकडे बघितलं. नारळ होता तिथेच, लाल फडक्यात.

"तो देवीचा नाई. तो म्या टांगला. देवीचा म्या फोडला." काकाचा आवाज असा होता की जणू दुसऱ्याच कोणाचा. "त्या रविवारी. त्या रश्श्यात."

पंखा गरगरत राहिला. काकूच्या चेहऱ्यावर राग आला नाही. ती हिशेब लावत होती असं वाटलं, आणि तो लागला तेव्हा तिने हाताने तोंड झाकलं.

"म्या बी खाल्ला ना तो," ती म्हणाली. "दोन वाट्या. गोड हाय म्हटलं होतं म्या."

"हाव."

"अन् तुमी मले पोतं आणून देत होते पायाखाली."

काका खाली बघत होता. त्याच्या पायात चपला होत्या, चांगल्या जाड, मळ्यात घालायच्या. त्याने त्या तिथेच काढल्या. उंबऱ्याशी आपण काढतो तशा नाही. अंगावर काही पडलंय आणि झटकून टाकावं तशा.

तेवढ्यात ताई खाटेवरून उठून बसली, रडून डोळे टम्म सुजलेले. "अहो, माहा गोळा कमी गेला! मी कवाची सांगून राहिली, गोळा! चप्पल, नारळ, काय लावलं तुमी दोघांनी? नारळ फेकाचा होता का मले मैदानावर?"

कोणीतरी हसलं. मीच असेन. पण काकू हसली नाही आणि काकाही नाही, आणि ताईने पुन्हा तोंड उशीत घातलं.

काकू दोन दिवस काकाशी बोलली नाही. स्वयंपाक केला, ताट वाढलं, ताट सरकवलं. तिसऱ्या दिवशी तिने खिळ्यावरचा नारळ सोडून काकाच्या हातात दिला. "हा कोणाच्या सत्काराले देऊन द्या." मग त्याला अंबादेवीला पाठवलं, नवी ओटी, नवा नारळ. तो त्यानेच बांधायचा, त्यानेच टांगायचा. ताई पुढच्या भरतीला पुन्हा उतरणार होतीच. अकॅडमीच्या शिट्टीवाल्या सरांनी तिला गोळाफेकीच्या वेगळ्या सरावाला लावलंही होतं.

"अन् चप्पल?" काकाने विचारलं.

काकूने पलंगाखालून आपल्या जुन्या चपला ओढून काढल्या. इतके महिने पडून कडक झालेल्या. त्यात भेगाळलेले पाय घातले, दोन पावलं टाकली, तोंड वाकडं केलं. पुन्हा दोन टाकली.

"आता तुमचा नंबर," ती म्हणाली. "अन् कोणी विचारलं, तं खरं सांगाचं. तुमच्या तोंडानं."

पहिल्या दिवशी काका रस्त्यावर जे चालला ते मी अजूनही काढून दाखवू शकते. एक पाय टेकला की "हूं", दुसरा टेकला की "आं", मधेच बांधावरच्या गवतात उडी. लोक विचारणारच. सुरुवातीला तो म्हणायचा, "डॉक्टरनं सांगितलं, मातीवर चालत जा." मागून भाजीची टोपली घेतलेली काकू यायची आणि म्हणायची, "काय जी?" मग ख्खं. मग कमरेवर न जाणारा हात. मग पायांकडे बघत सगळं, नमस्कार केल्यापासून दोन वाट्यांपर्यंत. भोयाला सांगितलं. ऑटोवाल्याला सांगितलं. अकॅडमीच्या सरांना सांगितलं, तेव्हा त्यांची शिट्टी पहिल्यांदा वाजली नाही.

परवा नितेश कारखान्यात कायम झाला, त्याची पार्टी होती. हंडीवर जीवनकाका, अनवाणी, निखाऱ्यांपासून पाय जपत. अकोल्याहून नितेशचे सासरे आले होते, जानराव. मोठा आवाज, पांढरे बूट. त्यांनी चुलीपाशी येऊन पाहिलं.

"काय भाऊ, तुमी म्हणे थायलंडचा रस्सा लय भारी करता? आमच्या अकोल्यापर्यंत आवाज आला. अन् चपला कोठी गेल्या तुमच्या?"

काकाने इकडेतिकडे बघितलं आणि मी सापडले. "करिश्मे," तो हळूच म्हणाला, "तूच सांग ना वं. तुले तं माहा आवाज येते."

पलीकडे भाकरी थापत बसलेली काकू मान वर न करता म्हणाली, "तिचा नाई चालत."

काकाने पळी हंडीवर आडवी ठेवली. ख्खं. आणि सांगितलं. जानराव आधी हसत होते. नंतर हसणं थांबलं. चपलेचा भाग आला तेव्हा त्यांनी आपले पांढरे बूट चुलीपासून जरा मागे घेतले. गोष्ट संपली. शेवटी त्यांना काय वाटलं कुणास ठाऊक, त्यांनी विचारलं, "मंग, रस्सा चांगला झाला होता का?"

हे आजवर कोणी विचारलं नव्हतं. काकाने काकूकडे बघितलं.

"सांगा," काकू म्हणाली. "खरं."

काकाचे कान लाल झाले, मग मान. मोठ्या माणसाला इतकं लाजलेलं मी पाहिलं नव्हतं. तो पायांच्या बोटांकडे बघत म्हणाला, "लय चांगला झाला होता."

काकूने तव्यावरची भाकरी उलटली, आणि काका पळी उचलून हंडीत वाकला तो बराच वेळ वर आलाच नाही.